बाकावर बसलेली मुलगी

नमस्कार, श्रोते हो.

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात सॅन पेड्रो नावाचा बंदराचा भाग आहे. तिथल्या मुलांच्या क्लबात, बास्केटबॉलच्या कोर्टावर, १९९० च्या दशकात सिंथिया ब्रॅडली नावाच्या बाई बॅलेचा, म्हणजे युरोपातल्या शास्त्रीय नाचाचा, फुकट वर्ग घ्यायच्या. १३ वर्षांची एक मुलगी यायची आणि बाकावर बसून नुसती बघत राहायची. कितीतरी दिवस. घरात सहा भावंडं, पैशांची ओढाताण. बॅलेचे कपडे कुठून आणणार? शेवटी ती उतरली ती शॉर्ट आणि पायमोज्यांवर. तीच मिस्टी कोपलंड.

बाईंनी तिला आपल्या शाळेत पूर्ण शिष्यवृत्ती दिली. तीन महिन्यांत पोरगी अंगठ्यांच्या टोकावर उभी राहिली. २०१५ मध्ये ती अमेरिकन बॅले थिएटरची प्रमुख नर्तिका झाली. त्या संस्थेत ७५ वर्षांत या पदावर पोहोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

मला मात्र तो बाकच आठवत राहतो. नवशिक्या मुलांसाठीच्या शिष्यवृत्त्या बहुतेक वेळा ऑडिशन घेऊन देतात. पण आठ-नऊ वर्षांच्या पोराची परीक्षा घेतली, तर जो आधीच पैसे भरून शिकलाय तोच पुढे दिसणार! जे बाकावर बसलंय ते अर्जसुद्धा करत नाही. त्याच्यापर्यंत आपण जायचं असतं. अमेरिकेत १९६३ साली फोर्ड फाउंडेशन या देणगी देणाऱ्या संस्थेने बॅलेसाठी ७७ लाख डॉलर दिले, तेव्हा जाणकार माणसं गावोगावच्या शाळांत फिरून मुलं हेरत होती. मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

आणि नुसती फी माफ करून भागत नाही. सुरुवातीला मऊ चामड्याच्या सपाता पुरतात, पण वाढत्या पायाला त्याही लवकर आखूड होतात. पुढे येतात ते अंगठ्यांच्या टोकावर उभं राहायचे बूट. वरून गुळगुळीत सॅटिन, आत कापडाचे आणि खळीचे थर देऊन कडक केलेलं टोक. घामाने, वजनाने ते मऊ पडलं की बूट संपला. फिती तर मुलीनेच सुईदोरा घेऊन शिवायच्या. याशिवाय बसभाडं आहेच. शिष्यवृत्तीत हे सगळं धरलं नाही, तर मूल दोन महिन्यांत गळतं.

आपल्या मुंबईत येहुदा माओर या इस्रायली गुरुजींनी मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शाह या दोघांना फी न घेता शिकवलं. एक टॅक्सीचालकाचा मुलगा, दुसरा वेल्डरचा. अमिरुद्दीन २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. या सगळ्यामागे कुठल्या सरकारी योजनेचा अर्ज नव्हता; एका शिक्षकाची नजर होती.

नृत्याचे वर्ग चालवणाऱ्या ताई-दादांनो, दाराशी रेंगाळणारं एखादं मूल तुमच्याकडेही असेल. त्याला आत बोलवा. पहिले काही दिवस ते नुसतं बघेल, तर बघू द्या.

कोपलंडबाईंनी २०२२ पासून न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात मुलांसाठी बॅलेचे वर्ग सुरू केले आहेत. तसल्याच क्लबांत, शाळा सुटल्यावर, आणि फुकट.