भोंगा गेला, ओरडा राहिला

(सोलापुरात तरुण कारखानदार आणि सुपरवायझर यांच्यासमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘बदलती कामाची जागा आणि नेतृत्वाची कौशल्यं’. त्यावर मी येतोच, पण आधी एक विचारतो. खाली माग आणि वर बिऱ्हाड, अशा घरात किती जण वाढले? हात वर करा बरं. बघा, निम्मं सभागृह. मग मला फार समजावत बसायला नको. मागाच्या खडखडाटात ज्यांना गाढ झोप लागते आणि वीज जाऊन माग थांबले की जी दचकून जागी होतात, ती आपण माणसं.

नेतृत्वावर बोलायचं म्हटलं की आपल्या गावात वालचंद हिराचंदांचं नाव निघतं, आणि निघायलाच पाहिजे. १८८२ साली सोलापुरात जन्मलेला माणूस १९१९ मध्ये इंग्रजांच्या जहाज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून ‘लॉयल्टी’ नावाची बोट मुंबईहून लंडनला पाठवतो, ही काय लहान गोष्ट झाली? मला अभिमान आहे त्याचा. पण धंदा उभा करायला लागणारी छाती वेगळी आणि रोज सकाळी चाळीस माणसांची शेड चालवायला लागणारं कसब वेगळं. त्या दुसऱ्या कसबावर आपल्याकडे कुणी बोलत नाही, म्हणून मी आज उभा राहिलो.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. गेली दहा वर्षं भेटेल त्याला हेच सांगतोय. आपल्या गावात मालक कसा असावा, हे मागाच्या आवाजाने ठरवलं. आता आवाज बदलला, काम बदललं, माणसं बदलली आणि मालक मात्र त्याच पट्टीत बोलतोय.

१८७७ साली इथली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाली. पुढे विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी अशा मिल उभ्या राहिल्या आणि हे गाव भोंग्यावर चालायला लागलं. भोंगा झाला की चूल पेटायची, भोंगा झाला की पोरं शाळेला निघायची. भोंग्याला कुणी प्रश्न विचारत नाही. तो सांगतो, आपण ऐकतो. आत मिलमध्ये भोंग्याचं काम जॉबर, म्हणजे मुकादम, करायचा. माणूस कामावर घ्यायचा कुणी? जॉबरने. बदलीवाल्याला, म्हणजे कायम नसलेल्या कामगाराला, आज काम द्यायचं की दारातून परत पाठवायचं? जॉबरच ठरवणार. माग बिघडला तर दुरुस्त करणारा आणि नग खराब निघाला तर दंड लावणाराही तोच. ज्याच्या हातात पाना त्याच्याच हातात पोट. रॉयल कमिशन ऑन लेबर या इंग्रज सरकारच्या कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात सांगितलं होतं की कामगार घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्या. मिल बंद पडल्या, भोंगे गप्प झाले, पण तो जॉबर आपल्या अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये येऊन बसला. माझे वडील जॉबरच्याच हाताखाली तयार झाले आणि मी वडिलांच्या.

शेडचा आवाज तर तुम्हाला माहीतच आहे. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. धोट्याच्या, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या शटलच्या, मागांची शेड ती सहज ओलांडते. त्या आवाजात काय काय करता येतं? हाक मारता येते, शिवी देता येते, हाताने खूण करता येते. कांड्या (धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या) संपल्या, बीम उतरलं, तार तुटली, सगळं खुणेने चालतं. ‘शेठ, मला असं वाटतंय की’ अशी सुरुवात करून चार वाक्यं मात्र बोलता येत नाहीत. हुकूम चोवीस मागांच्या पलीकडे पोचतो, शंका शेजारच्या मागापर्यंतही पोचत नाही. हे तीस वर्षं केलं की घसा तसाच होतो. मग ऑफिसात एसी लावला तरी आपण ओरडूनच बोलतो. घरी जेवताना ओरडतो. फोनवर तर विचारूच नका.

आणि कामगाराला बोलता येत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. मे १९३० मध्ये या गावावर मार्शल लॉ लागला, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत गिरणीतली माणसं होती. १२ जानेवारी १९३१ ला आपले चार हुतात्मे फासावर गेले. सरकारपुढे छाती काढून उभं राहणारं गाव आहे हे. त्याच गावातला माणूस शेडमध्ये शिरला की मुका होतो. त्याला मुकं कुणी केलं? तर आपण केलं. हे मी दुसऱ्यांवर ढकलत नाही, माझीच गोष्ट सांगतो.

२००९ चा उन्हाळा. मोरपंखी रंगाच्या टॉवेलची ऑर्डर होती, चोवीसशे नग. विणून झाले, रंगायला गेले. तिसऱ्या दिवशी डाइंगवाल्याचा फोन आला, ‘शेठ, येऊन बघा.’ गेलो. गच्चीवर टॉवेल पसरलेले. एक वीत गडद, मग दोन बोटं फिकट, परत गडद. प्रत्येक टॉवेलवर आडवे पट्टे, वाघाच्या अंगावर असतात तसे. आधी मी रंगाऱ्यावर ओरडलो. मग शेडमध्ये येऊन विणकरांवर ओरडलो. मग सूत देणाऱ्याला फोन लावला आणि त्याच्यावर ओरडलो.

संध्याकाळी पाळी सुटताना कांड्या भरणारी अक्का माझ्यापाशी आली. पूर्वभागातली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतली बाई, वय पन्नासच्या पुढे, माझ्या वडिलांच्या वेळेपासून कामाला. हातात दोन रिकामे कोन होते. सुताचा कोन संपला की आतली कागदी नळी राहते, तिच्या टोकाला रंगाची खूण असते, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. एका कोनाच्या टोकावर हिरवी पट्टी होती. दुसऱ्यावर हिरवी पट्टी आणि तिच्याखाली बारीक काळी रेघ. दोन लॉट एकत्र आले होते. कोऱ्या सुतात डोळ्याला फरक दिसत नाही. रंगात बुडवलं की एक लॉट जास्त रंग पितो, एक कमी. मी तिच्या बसायच्या पाटाखाली बघितलं. पाच दिवसांचे रिकामे कोन तिने दोन वेगळ्या ढिगांत लावून ठेवले होते.

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलं, अक्का, सांगितलं का नाही? ती शांतपणे म्हणाली, ‘मीरु अडगलेदु कदा, शेठ.’ तुम्ही विचारलंच नाही ना.

वरून तिने एक आठवण दिली. आदल्या वर्षी मार्कंडेय रथोत्सवाच्या आदल्या दिवशी ती मला सांगायला आली होती की या वेळचं सूत बोटाला खरबरीत लागतंय. मी सगळ्यांसमोर तिला म्हणालो होतो, ‘तू कांड्या भर.’ मला ते आठवतही नव्हतं. तिला दिवस आठवत होता. नारळी पौर्णिमेला आपले माग बंद असतात, रथाला सगळा पूर्वभाग लोटतो. तेव्हा त्या दिवशी घरी जाऊन, दुसऱ्या दिवशी रथापुढे उभं राहून ती काय मनात घेऊन हात जोडत असेल, हा विचार मला अजून छळतो.

मी लगेच शहाणा झालो, असं नाही. दोन दिवस तिच्याशी बोललोच नाही. तिसऱ्या दिवशी पाळी सुटली, माग थांबले, तेव्हा स्टूल ओढून तिच्यापाशी बसलो आणि विचारलं, ‘अक्का, तुम्हाला आणखी काय काय दिसतं?’ जन्मात पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हणालो. तिने चार गोष्टी सांगितल्या. त्यातल्या दोन चुकीच्या निघाल्या. एक जुनीच होती. चौथी अशी होती की भरलेल्या कांड्यांची टोपली आम्ही दक्षिणेच्या खिडकीखाली ठेवत होतो. आपलं एप्रिलचं ऊन काय असतं ते तुम्ही जाणताच. सूत वाळायचं आणि वाळलं की तुटायचं. टोपली हलवली, वर ओलं गोणपाट टाकलं. आठ दिवसांत तार तुटायची कमी झाली. विणकरांना मजुरी नगावर होती, माग जास्त चालला की त्यांच्याच हातात चार पैसे जास्त. या एका गोष्टीने माझ्या शेडमधलं वातावरण जेवढं बदललं, तेवढं माझ्या पंचवीस वर्षांच्या ओरडण्याने बदललं नव्हतं.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिली म्हणून. ठरलेला विषय आता पळवत घेतो.

पूर्वी मालकाचा मान कशावर होता? तो स्वतः तार जोडायचा, स्वतः मागाचा बिघाड काढायचा. आता रेपियर माग आले. धोटा नाही, फेरे दुपटीहून जास्त, बाजूला कॉम्प्युटरचा पडदा. चादरीचं डिझाइन पुठ्ठ्याच्या कार्डांऐवजी पेन ड्राइव्हवर येतं. तो पडदा आयटीआय झालेला बावीस वर्षांचा मुलगा वाचतो, आपल्याला चष्मा लावूनही कळत नाही. माग दिवसात किती वेळा थांबला हे पडदा सांगतो, का थांबला ते त्या मुलालाच माहीत. तेव्हा मालकाचं काम आता नीट विचारणं, ऐकलेलं दोन दिवसांत करून दाखवणं आणि जे करता येत नाही ते का नाही हे सांगणं. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसला की कोणताही कामगार दोरी ओढून किंवा बटण दाबून इशारा देऊ शकतो आणि गरज पडली तर लाइन थांबते. आपल्याकडे माग थांबवला म्हणून दंड आहे, थांबवला नाही म्हणून कधी ऐकलंय?

एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकात दवाखान्यांतल्या औषधांच्या चुका मोजल्या. चांगल्या तुकड्यांत चुका जास्त दिसल्या. मग कळलं की तिथली माणसं न घाबरता चुका सांगत होती, दुसरीकडे लपवत होती. ज्या शेडमध्ये ‘काहीच तक्रार नाही, शेठ’ असं ऐकू येतं, तिथे जरा घाबरा.

उचल देऊन माणूस बांधून ठेवायचे दिवस संपले. आजचा मुलगा फोनवरून उचल परत पाठवतो आणि पुण्याची गाडी धरतो. इथे राहिलो तर दोन वर्षांत काय शिकेन, एवढंच तो विचारतो. उत्तर तयार ठेवा. गारमेंटमध्ये आज मुली, बायका मोठ्या संख्येने आहेत. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती लागते, त्यात बाहेरचा एक सदस्य लागतो आणि अध्यक्ष बाईच लागते. ती कागदावर ठेवू नका. बायकांना नावं माहीत पाहिजेत. आणि शेडमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी सगळंच असतं. निदान ‘अक्का’ आणि ‘अन्ना’ म्हणून हाक मारायला काय जातं?

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कुणालाही झापू नका. शेडमधला ओरडा मागाच्या आवाजात विरतो, ग्रुपवरचा राहतो, घरी बायको-पोरं वाचतात. चूक असेल तर एकट्याला बोलवा.

शेवटचं सांगतो. माझी पुतणी पुण्याच्या एका कंपनीत आहे, लॉकडाउनपासून सोलापुरातूनच काम करते. वर ती, खाली आमचे माग. मीटिंगमध्ये मागाचा आवाज जाऊ नये म्हणून ती सगळा वेळ म्यूट असायची. तिच्या साहेबाला वाटलं, हिला काही म्हणायचंच नसतं. दोन वर्षं असंच चाललं. त्याच्या जागी नवीन बाई आल्या, त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, तू बोलत का नाहीस? हिने कारण सांगितलं. तेव्हापासून त्या मीटिंगच्या आदल्या दिवशी सगळ्यांकडून म्हणणं लिहून मागवतात. पहिल्या वेळी हिने सहा ओळी लिहिल्या. तिसऱ्या ओळीत जी चूक दाखवली होती, तिच्यासाठी त्यांनी काम दोन आठवडे पुढे ढकललं.

परत चिठ्ठी आली. बरं, थांबतो. प्रश्न आत्ताच घेऊ. या पंख्यांचा आवाज फार आहे, मागच्यांचं मला ऐकू येणार नाही. पुढे येऊन बसा की. त्या टोकाला मघापासून हात वर केलेल्या ताई आहेत ना, त्यांच्यापासून सुरुवात करू.