कॉफीची छोटी बाग: सावली, तोडणी आणि वाळवण

श्रोतेहो, नमस्कार.

घरच्या माणसांच्या बळावर चालणाऱ्या सेंद्रिय कॉफीच्या बागेत सगळ्यात महत्त्वाचं अवजार म्हणजे कोयता. त्याने सावली राखायची. उघड्या उन्हात अरेबिका जातीच्या कॉफीला भरमसाट फुलं येतात, फांद्या फळांनी लगडतात आणि बघणारा खूश होतो. पण झाड ती फळं स्वतःच्या मुळा-पानांना उपाशी ठेवून पोसतं. मग पानं गळतात, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात, आणि पुढचा हंगाम हातचा जातो. रासायनिक बागेत अशा वेळी युरिया देऊन झाड सावरून घेता येतं. इथे ती सोय नाही, कंपोस्ट सावकाश लागू पडतं. तेव्हा झेपेल तेवढंच पीक झाडावर राहू द्यायचं, आणि हे काम सावली करते.

सर्वसाधारणपणे ३० ते ४० टक्के सावली पुरते. भर दुपारी जमिनीकडे बघा. ऊन-सावलीची जाळी दिसली तर ठीक. सलग गडद सावली असेल तर फुलं कमी येतील, पानं ओली राहतील आणि तांबेऱ्याचं, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाचं, फावेल. पांगारा, गिरिपुष्प अशी शेंगावर्गातली झाडं निवडली तर मुळांवरच्या गाठींतून नत्रही मिळतं. ढगाळ दिवस सुरू होण्याआधी त्यांची छाटणी करा. पाला कॉफीखालीच पसरा, पण खोडाला भिडवू नका. तिथे ओल धरून साल कुजते.

तांबेऱ्याचे बीजाणू पानाच्या खालच्या बाजूने आत शिरतात, आणि रुजायला त्यांना पानावर पाणी लागतं. त्यामुळे एक टक्का बोर्डो मिश्रण पावसाआधी, पानांच्या खालून फवारायचं. १ किलो मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करा, भांडी प्लॅस्टिकची घ्या. मिश्रणात स्वच्छ लोखंडी पातं बुडवल्यावर त्यावर तांब्याची लाली चढली, तर चुना कमी पडला आहे. मात्र सेंद्रिय नियमांत तांब्याच्या वापरावर मर्यादा असते. फवारण्याआधी सेंद्रियचा दाखला देणाऱ्या प्रमाणन संस्थेला विचारा. रोगाला दाद न देणारं वाण लावलं, तर ही कटकट बरीच टळते.

फळपोखर भुंगा हा त्याहून चिवट. मादी फळाच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडून आत अंडी घालते. हंगाम संपल्यावर झाडावर सुकलेली आणि खाली पडलेली फळं हेच तिचं घर. त्यामुळे शेवटच्या तोडणीनंतर झाडून सगळी फळं वेचा. किडलेली फळं दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवा आणि मगच खतात टाका. थेट खड्ड्यात टाकली, तर भुंगे निवांत बाहेर पडतात.

तोडणी लाल, पिकलेल्या फळांचीच. दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार फेऱ्या होतात. तोडण्याआधी वाळवणाची जागा मोजा. १०० किलो फळांतून धुतलेल्या ओल्या बिया साधारण ४० किलो निघतात. तीन सेंटिमीटर थराला त्यांना दोन-अडीच चौरस मीटर जागा लागते, आणि ती दहा-बारा दिवस अडते. रोज तोडणी असेल तर गणित करा. बहुतेक घरांचं घोडं अडतं ते इथेच.

फळं पाण्यात टाकून तरंगणारी वेगळी काढा. गर त्याच दिवशी काढा. पल्पर म्हणजे गर काढायच्या यंत्रातली फट फार अरुंद झाली तर बिया कापल्या जातात, सैल राहिली तर फळं तशीच बाहेर येतात. पहिली ओंजळ तपासूनच पुढे जा. यंत्र रोज धुवा. कालची अडकलेली एखादी बी कुजते आणि आजच्या मालाला वास लावते. गर काढलेल्या बियांवरचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत त्या १२ ते ३६ तास आंबवा. थंड हवेत वेळ जास्त लागतो. मूठभर बिया चोळल्यावर खडीसारख्या करकरल्या की लगेच धुवा.

वाळवण जाळीच्या मंचावर करा. दर तासाला हलवा, पहिले दोन-तीन दिवस दुपारच्या कडक उन्हात झाका, नाहीतर वरचं टरफल तडकतं. रात्रीही झाका. ओलावा ११-१२ टक्क्यांवर थांबवायचा. मापक नसेल तर निथळलेल्या १० किलो बिया वेगळ्या मंचावर ठेवून रोज तोला. वजन सव्वापाच किलोच्या आसपास आलं की वाळवण संपत आलं समजा.

धुण्याचं पाणी ओढ्यात सोडू नका. त्यातली साखर सडताना पाण्यातला प्राणवायू संपवते आणि मासे मरतात. खड्ड्यात जिरवा. गर शेण आणि कोरड्या पाल्याबरोबर थरांनी रचा, पंधरा दिवसांनी उलथा. त्यात पालाश भरपूर असतं, ते बागेचंच आहे, बागेतच जाऊ द्या.

वाळलेल्या बिया टरफलासकट गोणीत भरा, फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. शेजारी रॉकेल, मसाले, खत काही नको. कॉफी आजूबाजूचा वास शोषते. टरफल विक्रीच्या वेळीच काढा.