इंजिन नंतर ऐका, आधी चासी पाहा

(डिचोलीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाशय आणि मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘कमी खर्चातली, उपयोगी, वापरलेली फोर-बाय-फोर गाडी कशी निवडावी’ असा छापला आहे, म्हणजे इंजिन चारही चाके ओढते ती गाडी, आणि त्यामुळे आपल्यापैकी निम्मे लोक जिप्सी घ्यावी की थार एवढेच ऐकायला आले आहेत, हे मला ठाऊक आहे. ते मी सांगणार आहेच. मात्र त्याआधी एक गोष्ट बरीच वर्षे माझ्या मनात आहे आणि ती ऐकून घ्यायला इतकी माणसे पुन्हा एका जागी मिळतील याची खात्री नाही. जुनी गाडी घेणारा आपला माणूस इंजिन ऐकतो, रंग पाहतो, सीटवर हात फिरवतो, आणि ज्या लोखंडी सांगाड्यावर हे सगळे उभे असते त्या चासीकडे वाकूनही पाहत नाही. कोरड्या मुलखात हे खपून जाते, गोव्यात खपत नाही.

अशी गाडी खरोखर कोणाला लागते, हे आधी ठरवून टाकू, म्हणजे सभागृहातील काही जणांचे पैसे आत्ताच वाचतील. सत्तरी तालुक्यात ज्याचे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, ओहोळापलीकडे आहे, काजूच्या दिवसांत ज्याला डोंगरावरून बोंडू खाली आणायचे असतात, ज्याच्या घरापर्यंत जांभ्या दगडाची शेवाळलेली चढण जाते, त्याला ती लागते. वाळपई-सांग्याच्या पट्ट्यात वर्षाला साडेतीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तांबड्या मातीची वाट जून ते सप्टेंबर नुसती निसरडी असते. ज्यांना किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी फिरवून छायाचित्रे काढायची आहेत त्यांनी मात्र हा बेत सोडून द्यावा, कारण गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणे हा गुन्हा आहे, आणि पोलीस ती उचलून नेतात तेव्हा फोर-व्हील ड्राइव्हचा काही उपयोग होत नाही.

आता चासीकडे येतो. यांतल्या बहुतेक गाड्यांची चासी शिडीसारखी असते, म्हणजे दोन लांब पोकळ पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, आणि पोकळीत शिरलेले पाणी निघून जावे म्हणून खालच्या बाजूला भोके ठेवलेली असतात. गाडी ओहोळातून गेली की पाण्याबरोबर चिखल आत जातो, पाणी निथळते, चिखल राहतो, आणि तोच पुढे ती भोके बुजवतो. मग आतला गाळ ऑक्टोबरपर्यंत ओला राहतो आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून दिसत काहीच नाही, कारण बाहेरच्या रंगाला धक्का लागलेला नसतो. त्यात गाडी किनाऱ्यालगतच्या वाड्यात उभी राहणारी किंवा खाडीवरच्या फेरीबोटीतून रोज ये-जा करणारी असेल, तर खारी हवा आणि खारे शिंतोडे यांची भर पडते. सर्वांत आधी जाते ती मागच्या पाट्यांचे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे, हँगर जिथे चासीला जोडलेले असतात ती जागा, त्यानंतर सर्वांत मागची आडवी पट्टी. ज्या जागांवर सगळा भार येतो त्याच जागांवर चिखल साचतो.

याचा एक किस्सा माझ्या परिचितांनी पुष्कळदा ऐकला आहे, त्यांनी तो पुन्हा सहन करावा. आमच्या नात्यातल्या एका तरुणाला जीप घ्यायची होती आणि त्याने ती आधीच मनाने घेतलेली होती, म्हणजे आम्हाला नेले होते ते केवळ मान डोलावण्यासाठी. महामार्गालगत जुन्या गाड्यांचे एक आवार होते. जीप लालभडक, टायर मूळ मापापेक्षा इतके मोठे की आत चढायला शिडी लागावी, टपावर दिव्यांची रांग, पुढे रुतलेली गाडी ओढून काढायचे विंच. विक्रेता बोलण्यात अत्यंत गोड. “बाब, इंजिन ऐका,” एवढे म्हणून त्याने किल्ली फिरवली, आणि इंजिन खरोखरच उत्तम वाजले. आमचे मेकॅनिक मात्र बॉनेटवर हात ठेवून उभे होते. आम्ही पोहोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलेले होते, हे त्यांना हाताला कळले. थंड इंजिन सुरू होताना जो धूर आणि जो खडखडाट दाखवते, तो गरम इंजिन झाकून ठेवते. म्हणून आपण येईपर्यंत गाडी सुरू करू नका, असे विक्रेत्याला फोनवरच सांगावे.

मेकॅनिक काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून एक छोटे लोहचुंबक काढले आणि ते गाडीखाली शिरले. खाली सर्वत्र ताजे, काळे, चकचकीत कोटिंग होते, आणि विक्रेता त्याचेच कौतुक सांगू लागला की अंडरबॉडी कोटिंग नुकतेच केले आहे, आता दहा वर्षे पाहायला नको. चुंबक चासीला चिकटत चिकटत मागे गेले आणि डाव्या हँगरपाशी टपकन खाली पडले. पुन्हा लावले, पुन्हा पडले. लोखंड असते तर ते पडले नसते. तिथे पुट्टी होती, पुट्टीखाली फायबरचे कापड होते, आणि त्यावर ते दहा वर्षांचे कोटिंग. मेकॅनिकांनी बाहेर येऊन अत्यंत नम्रपणे जॅक मागितला, तो नेमका त्या जागेजवळ लावला आणि उचलू लागले. गाडी उचलली गेली नाही. जॅक मात्र वर जात राहिला, आणि वाळलेला पापड मोडावा तसा आवाज झाला. विक्रेता क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, “बाब, तुम्ही जॅक चुकीच्या जागी लावलात.” त्यावर आमचे मेकॅनिक म्हणाले, “मग रस्त्यावरचा खड्डाही चुकीच्याच जागी असणार.” आमचा तरुण नातेवाईक तरीही दिव्यांच्या रांगेकडे पाहत होता, त्याला तिथून हलवण्यात आमचा बराच वेळ गेला.

गंजलेल्या पत्र्यावर चढवलेले ताजे कोटिंग हे संरक्षण नाही. उलट आतला ओलावा ते कोंडून ठेवते. ज्याची गाडी खालून मळकी, खरबरीत, पण हातोडीने वाजवल्यावर सगळीकडे एकसारखी खणखणीत वाजते, त्या माणसाशी सौदा बोलावा. आवाज बसका आला की तिथे थांबावे.

चासीचा मी इतका आग्रह का धरतो, याला लोखंडाखेरीज कायद्याचेही कारण आहे. इंजिनाचे काम निघाले तर सिलिंडर कातून बोअर करता येतो, पिस्टन बदलतात, फार तर सबंध इंजिन बदलून नोंदणीपत्रात त्याची नोंद करता येते. चासीचे तसे नसते. गाडीची कायदेशीर ओळख म्हणजे चासीवर ठोकलेला क्रमांक. हस्तांतराच्या अर्जावर त्याची पेन्सिलने घासून प्रत काढावी लागते, आणि क्रमांकाची जागाच गंजाने खाल्ली असेल तर वाहतूक कार्यालयात आपल्याला ज्या नजरेने पाहतात ती नजर चोराकडे पाहण्याची असते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून घेऊन ती वाढवावी लागते. मोटारींसाठी या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ५,००० रुपये करण्यात आले होते. चौदा वर्षांची जीप स्वस्तात मिळते तेव्हा विक्रेत्याने ही तारीख आपल्याआधी पाहिलेली असते, हे लक्षात ठेवावे.

त्याच ओघात त्या दिव्यांविषयी, मोठ्या टायरांविषयी आणि बंपरांविषयीही बोलून घेतो. कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे स्पष्ट केले आहे, आणि पुढच्या लोखंडी बुल-बारवर तर डिसेंबर २०१७ पासूनच बंदी आहे. म्हणजे विक्रेता ज्या गोष्टींचे लाखभर रुपये जादा मागतो, त्या काढून टाकण्याचा खर्च आपल्या माथी येतो. शिवाय मोठे टायर हबाच्या बेअरिंगवर, स्टीअरिंगच्या सांध्यांवर आणि अ‍ॅक्सलवर जो ताण आणतात, तो आधीच्या मालकाने आणून ठेवलेला असतो. मूळ मापाचे टायर असलेली साधी गाडी शोधावी.

गोव्यात अशा गाड्या येतात कुठून, हेही ओळखता आले पाहिजे. कुळ्याहून दूधसागरला पर्यटकांना नेणाऱ्या जीपगाड्या हंगामभर रोज ओढ्यांतून जातात. त्यांतली एखादी विक्रीला आली तर गिअर बॉक्स, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी ट्रान्स्फर केस आणि अ‍ॅक्सलच्या मधली दोन्ही डिफरन्शियल यांचे बूच उघडून तेल पाहावे. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, आणि हवा ये-जा करण्यासाठी ठेवलेली ब्रीदरची नळी बुजलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. अशा तेलाचा रंग दुधाळ झालेला असतो. दुसरा उगम खाणींचा. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा खाणीवर फिरणाऱ्या जीपगाड्याही आवारात उभ्या राहिल्या, आणि पावसात उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा वाईट गंजते. किलोमीटरचा आकडा कमी दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. तिसरा उगम भाड्याने दिलेल्या उघड्या गाड्यांचा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली ही गाडी व्यावसायिक नोंदणीची असते. ती खासगी करून घेतली आहे का, हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. आणि बदली झालेला कोणी जवान फोनवर आपली जिप्सी मातीमोलाने देऊ करत असेल, वाहतूक खर्च आगाऊ मागत असेल, तर तो जवानही नसतो आणि जिप्सीही नसते.

कार्यवाहांनी आत्ताच चिठ्ठी पाठवली आहे की सभागृह साडेसातला बंद होते. म्हणजे पत्रिकेवर छापलेला विषय मला दहा मिनिटांत आटपायचा आहे. ठीक आहे.

मारुती जिप्सी १९८५ मध्ये आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. सुरुवातीचे इंजिन ९७० सीसीचे होते, पुढे जिप्सी किंगमध्ये ते १३०० सीसीचे झाले. वजन जेमतेम टनभर, आणि चिखलात हलकेपणासारखे दुसरे सामर्थ्य नाही. इंजिन साधे असून कोणताही जाणता मेकॅनिक ते उघडू शकतो. मागच्या बाकावर बसणाऱ्यांचे मणके मात्र पाटे मोजतात. उत्पादन थांबल्यापासून लोक तिचे भाव भावनेने ठरवू लागले आहेत. भावनेचे पैसे देऊ नयेत. जिप्सी घ्यायची तर २००० नंतरची, इंधनाचे इंजेक्शन असलेली घ्यावी.

महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० आणि मेजर या जीपगाड्या सर्वांत स्वस्त, सुटे भाग सर्वत्र, वेग बेताचा. दुसरी गाडी म्हणून बागेत ठेवायला यांच्याइतके उपयोगी काही नाही. २०१० ते २०१९ मधली थार, तीही सीआरडीई नावाच्या इंजिनाची, ही माझ्या मते सरासरी बागायतदारासाठी योग्य निवड: अडीच लिटरचे डिझेल, चढणीवर संथ पण जोरदार ओढणारा लो गिअर, आणि डिचोलीपासून काणकोणपर्यंत दुरुस्तीची सोय. ऑक्टोबर २०२० नंतरची नवी थार फार चांगली आहे, पण ती जुनी झाली तरी स्वस्त होत नाही. शिवाय जानेवारी २०२३ पासून तिची फक्त मागची चाके ओढणारी आवृत्तीही निघाली आहे. ती बाहेरून जवळजवळ सारखीच दिसते, म्हणून आत फोर-व्हीलचा दांडा आहे का ते पाहावे. जिम्नी जून २०२३ मध्ये १२.७४ लाखांपासून आली, पुढे कंपनीने स्वतःच मोठ्या सवलती दिल्या, आणि म्हणून वापरलेल्या जिम्नीचा भाव करताना मूळ छापील किमतीपासून वजाबाकी करू नये, सवलतीनंतरच्या किमतीपासून करावी. पेट्रोल चालणार असेल आणि खिशात तेवढे असेल तर ती घ्यावी. फोर्स गुरखा ताकदीची आहे, एक चाक नुसतेच फिरू लागले तरी दुसऱ्याला ओढायला लावणारे डिफरन्शियल लॉकही पुढे-मागे आहेत, पण आपल्या जवळ तिची दुरुस्ती कोण करतो ते आधी विचारावे. डस्टरची चारही चाके ओढणारी आवृत्ती रस्त्यावर उत्तम. तिला लो गिअर नाही आणि ती आता बनतही नाही.

दिल्लीकडच्या गाड्यांविषयी दरवेळी विचारले जाते. तिकडे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हा त्या स्वस्तात निघू लागल्या आणि कोरड्या हवेमुळे त्यांच्या चासी पुष्कळदा निरोगी असतात, हे खरे. पण ना-हरकत दाखला, इथला रस्ता कर, वाहतूक हे सगळे किमतीत मिळवून मगच ती स्वस्त आहे का ते ठरवावे.

चालवून पाहताना लो गिअर मऊ मातीवर टाकावा, डांबरावर नाही. अर्धवेळ, म्हणजे दांडा टाकल्यावरच चारही चाके ओढणाऱ्या गाडीची पुढची-मागची चाके तेव्हा एकमेकांशी जखडलेली असतात आणि डांबरावर वळताना तो ताण गिअरवर येतो. दांडा अडत असेल तर आधीच्या मालकाने तो वर्षानुवर्षे हलवलेला नाही. टायरच्या कडेवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, तेही वाचावे.

सौदा शक्यतो ऑगस्टमध्ये करावा. पावसात गळके हूड, ओले ब्रेक आणि बुजलेली भोके लपत नाहीत, आणि चतुर्थी तोंडावर आलेली असल्याने विक्रेत्यालाही पैशांची निकड असते. जाताना जुने कपडे, विजेरी, लोहचुंबक आणि आपला मेकॅनिक बरोबर न्यावा, आणि मेकॅनिकला त्याच्या अर्ध्या दिवसाचे पैसे गाडी न घेतली तरी द्यावेत.