पडद्यामागची खोली

(दृश्य: साधा डेस्कटॉप. तो मागे सरकतो आणि त्याचा ठोकळा होतो.)

कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरायचं, माऊसचं डावं बटण दाबून ओढायचं. झालं! अख्खा डेस्कटॉप ठोकळ्यासारखा गरगर फिरतो. चार बाजूंना चार डेस्कटॉप. एखादा व्हिडिओ नेमका कडेवर आला तर तो कोपऱ्यात दुमडून तसाच चालू राहायचा. विंडोजसारखीच संगणक चालवणारी दुसरी प्रणाली म्हणजे लिनक्स; २००६ साली तिच्यावर आलेल्या कॉम्पिझ या प्रोग्रॅमची ही करामत.

मराठीत ‘खोली’चे दोन अर्थ, आणि संगणकवाल्यांना दोन्ही हवे होते. २००० साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ‘टास्क गॅलरी’ मांडली. तिच्यात भिंती, जमीन, छत, सगळं. कामं चित्रांसारखी भिंतीवर टांगायची. २००३ मध्ये सन कंपनीनं ‘लुकिंग ग्लास’ दाखवलं. त्यात विंडो उलटी करायची आणि तिच्या पाठीवर चिठ्ठी लिहून ठेवायची. कल्पना गोड होती, हे मान्य करायलाच हवं. मग टोरांटो विद्यापीठातून आलेल्या ‘बंपटॉप’नं फायलींना जणू वजनच दिलं. ढकलल्या की त्या एकमेकींवर आपटायच्या, गोळा करून ढीग रचता यायचा. २०१० मध्ये गुगलनं बंपटॉप विकत घेतलं आणि त्याची विक्री थांबली.

(दृश्य: टेबलावर सरकणारा माऊस, अगदी जवळून.)

घोडं अडलं ते इथे. माऊस टेबलावर सरकतो तो आडवा नाहीतर उभा. आत शिरायची तिसरी दिशा त्याला ठाऊकच नाही. तिच्यासाठी वेगळी कळ दाबा, नाहीतर चाक फिरवा. तिरपी विंडो दिसते झकास, पण अक्षर वाचायचं तर ती सरळच करावी लागते. शिवाय पुढची विंडो मागचीला झाकणार ती झाकणारच. कॉकबर्न आणि मॅकेन्झी या संशोधकांनी २००२ मध्ये हे तपासलं, तेही नुसत्या पडद्यावर नाही, तर प्रत्यक्ष हाताळता येईल अशा मांडणीतही. तिसऱ्या दिशेची मोकळीक वाढली तसं हवं ते पान शोधणं लोकांना जडच गेलं.

विंडोज व्हिस्टातली ‘फ्लिप थ्रीडी’ आठवते? पत्त्यांसारख्या एकामागे एक उभ्या विंडो. विंडोज ८ मध्ये ती गुपचूप गेली.

पण या हौसेला जी यंत्रणा लागायची, ती मात्र टिकली. पूर्वी सगळ्या विंडो एकाच पाटीवर चित्र काढायच्या. वरची हलवली की खालचीनं आपला भाग पुन्हा रंगवायचा. खालचा प्रोग्रॅम अडकलेला असला की वरच्या विंडोचे ठसे मागे उमटत जायचे. आपण सगळ्यांनीच कधीतरी ते पांढरे पट्टे मुद्दाम ओढलेत. आता प्रत्येक विंडोचं चित्र मेमरीत वेगळं राहतं आणि ग्राफिक्स कार्ड ती चित्रं एकावर एक रचतं. याला म्हणतात कंपोझिटिंग. विंडोची मऊ सावली, छोटी होत खाली जाणारी विंडो, हे सगळं त्याच्याच जिवावर.

(दृश्य: पुन्हा तोच ठोकळा.)

२०२४ च्या फेब्रुवारीत लिनक्सवरच्या केडीई मंडळींचं प्लाझ्मा ६ हे डेस्कटॉप आलं आणि ठोकळा त्यात परतला. उपयोग? फारसा नाही. पण सुरू केल्यावर दोन-चार गिरक्या मारल्याशिवाय कुणी कामाला लागत असेल, असं वाटत नाही.