ओढ, घोट, श्वास

श्रोतेहो, नमस्कार. बाळ अंगावर पितं तेव्हा तीन कामं एका तालात चालतात. ओढ, घोट, श्वास. पुन्हा सांगते: ओढ, घोट, श्वास. हा मेळ गर्भाच्या ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. म्हणून त्याआधी जन्मलेल्या बाळाला बऱ्याचदा नळीनं, मग वाटी-चमच्यानं दूध देतात.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. वीसेक वर्षांपूर्वी लालबागच्या चाळीतली एक आजी नातवाला घेऊन आली. ३३व्या आठवड्यात जन्मलेला, आता अडीच महिन्यांचा. वजन वाढत होतं, त्यामुळे घरात कुणाला काळजी नव्हती. आजीला मात्र होती. १९८२च्या संपापर्यंत ती कापड गिरणीत वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर होती. म्हणाली, "बाई, ह्याचा धागा तुटतो. तीन-चार ओढी, की थांबला. धापा टाकतो, ओठांतून दूध गळतं. परत तीन-चार. मी रोज मोजते."

मी सूनबाईंना पाजायला बसवलं आणि मोजलं. तीन, चार, थांबला. एवढ्या वयात एका दमात दहा-वीस ओढी यायला हव्यात. मग बाळाला उघडं करून पाहिलं. अंग ताठ, मुठी घट्ट, मान एकाच बाजूला. डॉक्टरांनी तपासलं आणि त्याच आठवड्यात व्यायाम सुरू झाले. कसं धरायचं, कसं निजवायचं, पालथं कधी घालायचं, सगळं आजीनं शिकून घेतलं.

जबडा-जीभ चालवणारा आणि हातपाय चालवणारा मेंदू एकच. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ओढीची लय बराच काळ विस्कळीत राहिली, तर पुढे मान धरणं, बसणं, चालणं रेंगाळू शकतं. प्रत्येकाचं तसं होत नाही. पण तपासून घ्या. आणि अशा बाळाचं वय मोजताना बाळंतपणाची ठरलेली तारीख धरा, जन्माची नको.

चाळीत बाळ दहा जणींच्या मांडीवर वाढायचं. आता टॉवरमध्ये दारं बंद, बाळंतीण एकटी, मला हे फार सलतं. शेजारीण नवी बाळंतीण असेल तर बेल वाजवा, तासभर बसा.

बाळ ओढताना दर वेळी दमतं, ठसकतं, दूध गळतं? मोजा, आणि डॉक्टरांना तो आकडा सांगा. निळं पडलं तर मात्र मोजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

तो नातू १७व्या महिन्यात गॅलरीचा कठडा धरून चालला. आजीनं पावलंही मोजली होती. सहा.