मागच्या दाराने येणारा न्हावी

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरी एक आत्याआजी होती, माझ्या आजोबांची बहीण. लाल आलवण, कपाळापर्यंत ओढलेला पदर, आणि महिन्यातून एकदोनदा मागच्या दाराने येणारा न्हावी. तो आला की आम्हा पोरांना पुढच्या अंगणात पिटाळत. का, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पुढे कॉलेजात असताना हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' हाती आली, आणि तो न्हावी मला त्या पानांत पुन्हा भेटला.

कादंबरी समाजाला दोष देते म्हणजे नेमकं काय करते, याबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' नावाचं साप्ताहिक काढलं आणि त्यातून ही कथा क्रमशः छापली. नाव बघा, करमणूक! दोनच वर्षांपूर्वी आगरकरांचा 'सुधारक' निघाला होता. तो सरळ कान धरायचा. त्यात संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्यात रण माजलेलं. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं, एवढीच गोष्ट. १८९१ साली तो कायदा झालाही, पण तोवर सभा, अग्रलेख, शास्त्रार्थ यांचा नुसता गदारोळ. बोलणारे बहुतेक पुरुष. त्या गदारोळात आपट्यांनी यमूला, आपल्या कादंबरीच्या नायिकेला, बोलतं केलं.

यमू शास्त्रार्थ करत नाही. ती आपलं माहेर सांगते, सासर सांगते, नवऱ्याबरोबरचे मुंबईतले सुखाचे दिवस सांगते. कोण कुणावर ओरडलं, कोण गप्प बसलं, हे इतक्या साधेपणानं सांगते की आपण कुणावर आरोप करतोय याची तिला बऱ्याचदा कल्पनाच नसते. खरी मेख तिथे आहे. रागवायचं काम ती आपल्यावर सोडते. नवरा जातो, आणि तिचं जबरदस्तीनं केशवपन होतं, तोवर वाचणारा त्या घरातलाच एक झालेला असतो.

कादंबरीत दोष नाहीत असं नाही. पाल्हाळ भरपूर आहे. दर आठवड्याला मजकूर पुरवायचा म्हटल्यावर तो यायचाच. मला मोठा दोष वाटतो तो शंकरमामंजींचा. हा माणूस इतका दुष्ट रंगवलाय की वाचक सुटतो. 'असा नग आमच्यात नाही बुवा,' असं म्हणून पुस्तक मिटता येतं. खरं तर त्या घरात न ओरडणारी, देवपूजा करणारी, चांगली माणसंही आहेत. ती बघत बसली.

साठ वर्षांनी, १९५० साली, 'बळी' आली. लेखिका मालतीबाई बेडेकर, आपल्या ओळखीच्या विभावरी शिरूरकर. १८७१ च्या एका इंग्रजी कायद्यानं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवून टाकलं होतं. त्यांच्यासाठी सेटलमेंट असायची: तारेचं कुंपण, हजेरी, बाहेर जायला परवाना. मालतीबाईंनी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये नोकरी केली होती. म्हणजे ही बाई आत गेली ती हजेरी घेणाऱ्यांच्या बाजूनं! 'बळी'चं मोल मला त्यामुळेच अधिक वाटतं. इथे एकटा शंकरमामंजी सापडत नाही. कुंपण आहे, रजिस्टर आहे, आणि 'आम्ही यांना सुधारतोय' म्हणणारी भली माणसं आहेत.

आणखी पुढे या. सदानंद देशमुखांची 'बारोमास', २००२ सालची. दोन वर्षांनी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बुलढाण्याकडचा शेतकऱ्याचा शिकलेला पोरगा, एकनाथ. मास्तरकी मिळण्याजोगं शिक्षण आहे, पण डोनेशन भरायला पैसा नाही. शेत आहे, पण ते पोटाला पुरत नाही. शहरात वाढलेल्या बायकोला हा संसार झेपत नाही. आता दोष कुणाला द्यायचा? डोनेशन मागणाऱ्याला? मग ते भरणारे, ते मागणाऱ्याच्या सत्काराला टाळ्या वाजवणारे, त्यांचं काय? त्या रांगेत शोधलं तर तुम्हीआम्हीही सापडू.

हल्लीच्या काही कादंबऱ्यांत मात्र माझं मन रमत नाही. पात्र तोंड उघडतं आणि बाहेर येतो अग्रलेख. जात, पाणी, राजकारण, सगळ्यावर मतं तयार. माणूस म्हणून बघावं तर त्याला चहात साखर किती लागते तेही कळत नाही. मी स्वतः माइकसमोर बसून भाषण ठोकतोय, तेव्हा फार बोलायचा अधिकार मला नाही, हे कबूल.

तर ती आत्याआजी. तिला अक्षरओळख नव्हती. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत दुपारच्या वेळी मी तिला आपट्यांची यमू वाचून दाखवायला लागलो. लहानपणच्या प्रकरणांना ती तोंडाला पदर लावून हसली. मुंबईच्या बिऱ्हाडात रमली. 'बरा हो नवरा मिळाला पोरीला,' म्हणाली. तिथे मी थांबलो. सुट्टी संपली असं सांगितलं. खरं तर चार दिवस बाकी होते. ते चारही दिवस पुस्तक कोनाड्यात तिच्या डोळ्यांसमोर होतं. पुढे काय झालं, हे तिनं मला एकदाही विचारलं नाही.

नमस्कार.