जंत जनावराबाहेर शोधायचा

(कोल्हापुरात दूध उत्पादक शेतकरी आणि प्राणिशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज इथे एका बाजूला सकाळची धार काढून, दूध संस्थेत घालून आलेली माणसं बसली आहेत आणि दुसऱ्या बाजूला वह्या घेऊन आलेली कॉलेजची मुलं. दोघांनाही मला एकच गोष्ट सांगायची आहे. जंत म्हटलं की आपलं लक्ष जनावराच्या पोटाकडे जातं आणि हात औषधाच्या बाटलीकडे. पण गेल्या दीडशे वर्षांत परजीवींवर जे संशोधन झालं, त्यातला शेतकऱ्याच्या सगळ्यात उपयोगाचा भाग पोटाच्या बाहेरचा आहे. परजीवी जनावरात शिरण्याआधी कुठे राहतो, कशाच्या आधाराने वाढतो, कोणत्या वाटेने येतो, याचा तो शोध आहे. ती वाट आपल्याला माहीत नसेल तर आपण औषध पाजत राहणार आणि म्हैस त्याच ओढ्यावरून पुन्हा तेच जंत घेऊन येत राहणार.

इंग्लंडमध्ये १८७९-८० च्या सुमारास पाऊसकाळ फार झाला आणि सुमारे तीस लाख मेंढ्या लिव्हर फ्लूकने दगावल्या. यकृतातला हा चपटा, पानासारखा जंत लोकांना शतकानुशतकं माहीत होता. खाटकांच्या तर रोज नजरेस पडायचा. पण तो यकृतात पोचतो कसा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. ऑक्सफर्डमध्ये ए. पी. थॉमस आणि जर्मनीत लायप्झिगला रुडॉल्फ लॉइकार्ट असे दोघे जण एकाच वेळी, स्वतंत्रपणे त्याच्या मागे लागले. १८८१ ते १८८३ या काळात दोघांनाही उत्तर मिळालं, आणि ते मिळालं पाण्याकाठच्या एका बारक्या गोगलगायीत.

आपल्याकडचा फ्लूक जातीने वेगळा, फॅसिओला जायगँटिका. इंग्लंडातल्यापेक्षा लांब, पण चाल तीच. त्याचं अंडं शेणातून बाहेर पडतं. ते पाण्यात पोचलं तर फुटतं आणि त्यातून पोहणारी अळी निघते. तिच्या हातात जेमतेम एक दिवस असतो. तेवढ्यात योग्य जातीची गोगलगाय सापडली नाही तर ती मरते. सापडली तर आत शिरून एकाच्या शेकडो होतात. या नव्या अळ्या पाण्यात उतरतात, गवताच्या किंवा भाताच्या बुडख्याला चिकटतात आणि स्वतःभोवती कवच करून थांबतात. म्हैस ते गवत खाते. आतड्याची भिंत भेदून पिल्लू फ्लूक यकृतात शिरतो, काही आठवडे यकृत पोखरत हिंडतो आणि शेवटी पित्तनलिकेत मुक्काम करतो. चारा खाल्ल्यापासून शेणात अंडी दिसेपर्यंत तीन-चार महिने जातात. म्हणजे जनावराच्या जबड्याखाली पाणी साठलेलं आपल्याला दिसतं तेव्हा मूळ घटना केव्हाच घडून गेलेली असते.

आता आपला जिल्हा डोळ्यासमोर आणा. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा: भाताची खाचरं, ओढे, पाणथळ कुरणं. पूर्वेला शिरोळ, हातकणंगले: ऊस, पाट, निचरा नसलेली क्षारपड रानं आणि २००५, २०१९, २०२१ सारखे महापूर. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं, पुढे जिल्ह्यात पाणी खेळतं राहिलं, ऊस वाढला, उसाच्या वाड्यावर म्हशी पोसल्या गेल्या आणि त्या दुधावर कितीतरी घरं उभी राहिली. या पाण्याचं ऋण आपण विसरणार नाही. पण ओढा आटला तर गोगलगाय मरते किंवा चिखलात दडून बसते. पाट वाहता राहिला तर तिची वीण थांबत नाही. पावसाळ्यानंतर पाणी ओसरत जातं तसतशा गोगलगायी उरलेल्या ओलीवर गोळा होतात. हिरवं गवतही तिथेच असतं, म्हणून आपण जनावरं नेमकी तिथेच सोडतो. फ्लूकच्या सगळ्यात जास्त अळ्या चाऱ्यासोबत याच दिवसांत जनावराच्या पोटात जातात.

इथे मला इंडोनेशियातलं काम सांगायचं आहे, कारण ते आपल्या पश्चिम तालुक्यांना जवळचं आहे. पश्चिम जावामध्ये भातशेती आहे, गोठा खाचराला लागून असतो आणि शेणाचं पाणी सरळ खाचरात उतरतं. तिथल्या संशोधकांच्या लक्षात आलं की धोका सगळ्या शिवारात सारखा नसतो. गोठ्याशेजारच्या खाचरात तो एकवटलेला असतो, आणि त्यातही भाताच्या काडीच्या खालच्या, पाण्यात बुडालेल्या भागात. म्हणून त्यांचा सल्ला अगदी साधा होता: अशा खाचरातली ताजी काडी घालायची तर वरचा भाग घाला, नाहीतर कडक उन्हात चांगली वाळवून मग घाला. वाळलं की ते कवच टिकत नाही. आपण पिंजर, म्हणजे भाताची काडी, घालताना इतका बारीक विचार करत नाही. ओली पिंजर तशीच दावणीत टाकली जाते. याला एक रुपयाही लागत नाही, फक्त उन्हं आणि थोडी सवड लागते.

त्याच मंडळींनी आणखी एक करून पाहिलं. बदकांच्या विष्ठेतून एक वेगळा परजीवी पाण्यात येतो. तो त्याच गोगलगायीत शिरतो आणि आत वाढणाऱ्या फ्लूकच्या अळ्या खाऊन टाकतो. म्हणून बदकांची खुराडी गोठ्याच्या पाण्याच्या वाटेवर ठेवली. आपल्याकडे बदकं फारशी पाळत नाहीत, त्यामुळे हे जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण प्राणिशास्त्राच्या मुलांनी यावर जरूर काम करावं. आपल्या ओढ्यातल्या गोगलगायींत कोणकोणत्या अळ्या निघतात, कोणत्या महिन्यात निघतात, हे बघायला एक काचेची बशी आणि साधा सूक्ष्मदर्शक पुरतो.

गोगलगायीवर लक्ष ठेवलं की माणसांचे आजारही हाती लागतात. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात, माणसांच्या लघवीतून रक्त जाणाऱ्या शिस्टोसोमा रोगाचं ठिकाण शोधून काढलं. जनावरांतही या कुळातला एक परजीवी आहे. गाय पाण्यात उभी असताना त्याची अळी कातडीतूनच शिरते, पुढे नाकात गाठी येतात आणि गाय घोरायला लागते. गाय घोरत असेल तर ती थकली म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना नाक दाखवा.

आता औषधाकडे येतो. आयव्हरमेक्टिन तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी मातीतून एक सूक्ष्मजीव वेगळा केला, अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातली जंतनाशक ताकद ओळखली, आणि २०१५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. फार मोठं काम आहे. पण ‘गोचिडाचं इंजेक्शन दिलं तेव्हाच जंताचंही झालं’ असं मी गोठ्यागोठ्यात ऐकतो. आयव्हरमेक्टिन गोल जंतांवर चालतं, उवा-खरजेवर चालतं. फ्लूकवर ते चालत नाही. आणि फ्लूकची म्हणून जी औषधं आहेत, त्यांतली बरीचशी मोठ्या फ्लूकलाच मारतात, यकृतात हिंडणाऱ्या पिल्लांना नाही. म्हणून कोणतं औषध, कोणत्या महिन्यात, वजनाच्या हिशेबाने किती, दुभत्या जनावराला चालेल का आणि किती दिवस दूध संस्थेत घालायचं नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध तर गाभण राहिल्यावर पहिल्या दीड महिन्यात देऊच नये.

सरसकट औषधाचं काय होतं ते मेंढ्यांनी जगाला शिकवलं. थायाबेंडाझोल हे जंताचं औषध १९६१ मध्ये बाजारात आलं आणि १९६४ मध्येच मेंढ्यांचे जंत त्याला दाद देत नसल्याची नोंद झाली. मेंढीच्या चौथ्या पोटात रक्त पिणारा जंत म्हणजे हिमोंकस. त्याची एकेक मादी रोज हजारो अंडी घालते. दक्षिण आफ्रिकेत यावर एक तक्ता तयार झाला, फमाचा नावाचा. मेंढीची खालची पापणी उलटायची आणि आतला रंग तक्त्यावरच्या पाच रंगांशी ताडून बघायचा. लालबुंद असेल तर औषध नाही, फिक्कट-पांढरी असेल तर औषध. कळपातल्या थोड्या मेंढ्यांतच बहुतेक जंत असतात, म्हणून ही निवड जमते. आणि ज्यांना औषध दिलं नाही त्यांच्यातले जंत औषधाला अजून बधतात, म्हणून औषधही जास्त दिवस टिकतं. पट्टणकोडोलीच्या यात्रेला जमणाऱ्या आपल्या धनगर बांधवांची नजर यात मुळातच तयार आहे. त्यांना फक्त तक्ता हातात द्यायचा आहे.

त्यांनाच आणखी एक विनंती. मेंढी गरगर फिरायला लागली, मान एकीकडे टाकून चालायला लागली, तर मेंदूत पाण्याची गाठ असण्याची शक्यता असते. ती गाठ कुत्र्याच्या पोटातल्या पट्टकृमीची अळी असते. मेलेल्या मेंढीचं डोकं कळपाच्या कुत्र्यापुढे टाकलं की चक्र पूर्ण होतं. डोकं जाळा किंवा खोल पुरा, आणि कुत्र्यालाही जंताचं औषध द्या.

आता रेडकांबद्दल, आणि इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण रेडकू दगावलं की आपल्याकडे ‘टिकलं नाही’ एवढंच म्हणून सोडून देतात. रेडी दगावली तर दोन-तीन वर्षांनी गोठ्यात उभी राहणारी म्हैस गेली. रेडकांचा मोठा गोल जंत, टॉक्सोकारा व्हिट्युलोरम, वीतभर लांब वाढतो. वासरांतही होतो, पण रेडकांत फार. तो रेडकाला चाऱ्यातून होत नाही, मातीतून नाही. आईच्या अंगात त्याच्या अळ्या निपचित पडून असतात. म्हैस व्यायला झाली की त्या कासेकडे निघतात आणि चिकातून, दुधातून रेडकात उतरतात. व्याल्यानंतरचे पहिले काही दिवसच ही वाट उघडी असते. म्हणून श्रीलंकेत झालेल्या संशोधनातून उपाय निघाला तोही नेमका: रेडकू १० ते १६ दिवसांचं असताना एकदा औषध द्यायचं. तोवर आईकडून यायचे ते जंत आलेले असतात, आणि त्यांनी अजून अंडी घातलेली नसतात. महिना-दीड महिन्याने, पोट सुटल्यावर, मातकट पांढरी घाण वासाची हगवण लागल्यावर औषध दिलं तर जंत पडतात, पण तोवर रेडकू खंगलेलं असतं आणि गोठ्यात लाखो अंडी सांडलेली असतात. चीक मात्र बंद करायचा नाही. चिकाशिवाय रेडकू जगणार नाही. म्हैस व्याली की कॅलेंडरवर दहाव्या दिवसाभोवती गोल करून ठेवा.

शेवटी शेणाच्या तपासणीविषयी. सुपारीएवढं शेण पाण्यात कालवायचं, चहाच्या गाळणीतून गाळायचं आणि उभ्या ग्लासात ठेवून द्यायचं. फ्लूकचं अंडं जड, ते तळाला बसतं. काही मिनिटांनी वरचं गढूळ पाणी अलगद ओतून पुन्हा स्वच्छ पाणी घालायचं, निवळेपर्यंत असं करत राहायचं. तळाच्या गाळात मेथिलीन ब्ल्यूचा थेंब टाकला की चाऱ्याचे तंतू निळे होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फ्लूकचं अंडं सोनेरी पिवळं उठून दिसतं. गोल जंतांसाठी मिठाच्या पाण्यावर अंडी तरंगवण्याची जी पद्धत आहे, तिच्यात फ्लूक सापडत नाही. त्यामुळे नमुना देताना ‘म्हैस ओढ्यावर चरते’ किंवा ‘खाचरातली पिंजर खाते’ हे सांगा, म्हणजे बरोबर तपासणी होईल. अंडी दिसली नाहीत आणि जनावर खंगतच असेल तर पुन्हा महिन्याने नमुना द्या, कारण पहिले तीन-चार महिने फ्लूक अंडी घालत नाही. शेण जमिनीवरचं नको, ताजं पडतानाचं घ्या, झाकणाच्या स्वच्छ डबीत भरा, वर जनावराची खूण आणि तारीख लिहा, आणि उन्हात न ठेवता त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा.